पुठ्ठ्याइतकं तरी

मी एक पुठ्ठ्याची मुलगी बोलतेय. दचकू नका हं! माझं तोंड आ वासलेलं आहे, उजवा हात डोक्याच्या वर उगारलेला आहे आणि डोळे असे वटारलेले की समोरच्याला वाटावं, ही आता कुणाला तरी उचलून आपटणार. पण तो सगळा छापील आव. आतून मी भित्री भागूबाई. दार जरा जोरात लागलं तरी माझा पुठ्ठा थरथरतो. आणि माझं नशीब बघा, मला उभं केलं ते थेट स्टेडियमच्या दारात, जिथे शिट्ट्या, भोंगे आणि हजार माणसांच्या आरोळ्या!

माझा जन्म छापखान्यातला. एका फोटोवरून मला छापलं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि एक कारागीर पातं घेऊन माझ्या कडेकडेने कापत निघाला. केस कापले, कान कापले, मी जीव मुठीत धरून पडले होते. शेवटी डाव्या हाताशी आला आणि त्याला शिंक आली. माझी अर्धी करंगळी उडाली!

"उस्ताद, बोट गेलं हो," तो म्हणाला.

"जाऊ दे. कोण बोटं मोजायला बसलंय!" उस्ताद म्हणाले.

तर अशी मी, साडेनऊ बोटांची. पाठीला एक लाकडी टेकू. तो काढला की मी आडवी.

मी जिची प्रत, ती कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघातली सगळ्यात उंच मुलगी. संघात तिला सगळ्या 'जिराफ' म्हणतात. तिचा फटका बघायला गाव लोटतं. म्हणून तर कॉलेजने मला बनवून घेतलं आणि तिकीटखिडकीशेजारी उभं केलं. मग काय विचारता! लोक माझ्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायचे. मुलं उंची मोजायची. मोठी माणसं हळूच टाचा उचलायची आणि फोटो झाला की इकडेतिकडे बघत खाली उतरायची. एक आजोबा तर मला रोज "काय, आज जिंकायचं ना?" म्हणून आत जायचे.

खरी जिराफ मात्र मागच्या दाराने यायची. खांद्यावर पिशवी, मान खाली, तोंड मिटलेलं. तोंड मिटलं की तिला कुणी ओळखायचंच नाही! पहिल्यांदा ती माझ्यासमोर आली तेव्हा "आई गं!" म्हणून दोन पावलं मागे सरली. मीही तेवढीच दचकले, पण माझ्या पाठीला टेकू.

"बघ बघ, तुझ्यापेक्षा चकचकीत आहे," तिची मैत्रीण खिदळली. ही संघातली सगळ्यात बुटकी, जिराफला चेंडू उचलून देणारी. हिचं नाव चिमणी. "आणि हिला बनवायला जेवढा खर्च आलाय ना, तेवढ्यात तुझे नवे बूट आले असते."

जिराफने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. एकाचा तळ सुटत आला होता. ती हसली, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

अंतिम सामन्याला पंधरा दिवस उरले असताना माझ्या अगदी नाकासमोर वाद पेटला. मुलींनी अर्ज दिला होता, आम्हाला खेळण्याचं मानधन द्या. क्रीडाप्रमुख सर अर्ज हातात घेऊनच तिकीटखिडकीपाशी आले. सर तसे मनाने वाईट नाहीत. मुलींच्या मुरगळलेल्या पायांना स्वतः बर्फ लावतात. पण त्या दिवशी त्यांच्या मिश्या फुरफुरत होत्या.

"पैसा आला की खेळ गेला!" सर म्हणाले. "आम्ही खेळायचो तेव्हा एका बिस्किटाच्या पुड्यावर पाच सेट खेळायचो."

"सर, तेव्हा तिकीट होतं का?" चिमणीने विचारलं.

"नव्हतं."

"मग बघायला कोण यायचं?"

सरांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या आया."

मुली फिसकन हसल्या, सरही हसले. पण लगेच सावरून म्हणाले, "थट्टा सोडा. तिकिटं तुमच्या सामन्याला खपतात. मग तिरंदाजीच्या मुलींना काय देऊ? धावणाऱ्या पोरांना? ती काय कमी घाम गाळतात? आणि एक सांगतो, आज तुम्ही पैसे घेतलेत की उद्या हरल्यावर तोंडावर बोलायचा हक्क लोकांना मिळतो. झेपेल?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगू? सर चूक आहेत असं म्हणावं तरी पंचाईत, बरोबर म्हणावं तरी पंचाईत.

बाकीच्या पांगल्यावर जिराफ चिमणीला हळूच म्हणाली, "आई जाते तो शिवणकारखाना आता आठवड्यातून तीनच दिवस चालतो. मी जिथे अर्धा दिवस काम करते ना, ते मालक म्हणाले, सामन्यानंतरच्या सोमवारपासून पूर्ण वेळ ये, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. पूर्ण वेळ गेले की सराव संपला."

"म्हणजे?" चिमणीचा आवाज चिरकला.

"म्हणजे फायनल हा माझा शेवटचा सामना."

माझ्या पाठीचा टेकूच सुटल्यासारखं झालं. ती खेळणार नाही, मग मी कोणाची प्रत?

पण काळजी करायलाही मला सवड मिळाली नाही. दुसऱ्याच दिवशी मला बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत घातलं. कुठे नेतायत, का नेतायत, कोण सांगणार! प्रत्येक खड्ड्याला वाटलं, आता मोडले. उतरले ती एका बुटांच्या दुकानात. तिथे महिनाभराची सूट चालू होती. मालकांनी कॉलेजकडून मला भाड्याने आणलं होतं, रोजच्या रोज भाडं. दारात उभी केली आणि उगारलेल्या हातात नवाकोरा बूट अडकवला.

आणि आत बघते तर काय! निळा झगा घालून, गुडघ्यांवर बसून, एका बाईंच्या पायाचं माप घेतेय कोण? जिराफ!

तिने मान वर केली. मला पाहिलं. हातातली मापपट्टी टणकन फरशीवर पडली.

आता तुम्ही म्हणाल, मालकांना कळलं कसं नाही? अहो, दुकानात ती कधी ताठ उभी राहिलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. माप घ्यायचं तर गुडघ्यांवर बसून, माळ्यावरून खोकी काढायची तर छत ठेंगणं म्हणून वाकून. मालक हिशेबाला पक्के, चेहऱ्याला कच्चे. सगळ्याच मुलींना "पोरी" म्हणून हाक मारायचे. जिराफनेही आपली ओळख दिली नाही. रोज सकाळी ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ मात्र पुसायची. तुटक्या करंगळीवरून फडकं अगदी अलगद फिरवायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी एक छोटी मुलगी आईबरोबर बूट घ्यायला आली. जिराफ तिच्या पायात बूट चढवत होती. मुलगी एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"आई, ही तीच आहे!"

"गप गं. ती कशाला इथे लोकांच्या पायांशी बसेल?"

"ताई, तोंड उघड ना. मोठ्ठं!"

जिराफने मालकांकडे चोरून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, ती उठली. सबंध उठली! उजवा हात वर गेला, तोंड उघडलं, डोळे वटारले. आम्ही दोघी समोरासमोर, एकीच्या हातात उजवा बूट, दुसरीच्या हातात डावा! मग छोटीने टाळ्या पिटल्या आणि गिऱ्हाइकांचा गराडा पडला.

मालक गल्ल्यामागून धडपडत आले. "अगं पोरी, तू? मग मी भाडं कोणाला भरतोय?"

"कॉलेजला, मालक."

"आणि तुला त्यातलं?"

"मला काय! मला इथला पगार मिळतो की."

मालकांनी मनातल्या मनात काहीतरी मांडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे या पुठ्ठ्याला मी तुझ्यापेक्षा जास्त देतोय? आणि हा तर साधी खोकीसुद्धा उचलत नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलणार काय?

मालक एकदा पेटले की पेटले. त्याच दुपारी मी पुन्हा टेम्पोत, या खेपेला मालकांच्या मांडीवर आणि शेजारी जिराफ. थेट क्रीडाकार्यालयात! मला टेबलाला टेकवून मालक गरजले, "हा घ्या तुमचा पुठ्ठा. उद्यापासून भाडं या पोरीला देणार. तेवढं मिळालं तर ती माझ्याकडे अर्धाच दिवस येईल आणि तुमच्याकडे खेळेल. सोमवारनंतर मी थांबणार नाही हं, मलाही दुकान चालवायचंय."

सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "नियम अकरा. खेळाडूने खेळाबद्दल किंवा आपल्या छायाचित्राबद्दल मोबदला घेतला तर त्याला संघातून काढण्यात येईल."

"पुठ्ठ्याला चालतं आणि पोरीला चालत नाही?"

"मी केलेला नाही हो नियम!" सर कळवळून म्हणाले.

मग जिराफ बोलली. कधी नव्हे ती, अगदी सावकाश.

"सर, तुम्ही तिरंदाजीच्या मुलींबद्दल विचारलं होतं ना? मी विचार केला त्यावर. टाळ्यांचे पैसे देऊच नका, तासांचे द्या. जो जितके तास सराव करील, तितके. मग खेळ कुठलाही असो, तिकीट खपो न खपो. आणि चेहरा ज्याचा, त्याचं भाडं त्याला. जास्त नकोय सर. मला पुठ्ठ्याइतकं तरी द्या."

सरांच्या मिश्या हलेनात. त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्या संचालक मंडळाचे पाचही जण सामन्याला येणारेत. विचारतो. शब्द देत नाही."

रविवार! गर्दी अशी की तिकीटखिडकीची काच तडकेल की काय याची मला धास्ती. मी आपल्या जागी दारात. आतलं मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. धप्प! आरोळी. शिट्टी. धप्प! पहिला सेट आपला, दुसरा त्यांचा, तिसरा त्यांचा, चौथा आपला. दोन-दोन! जिराफची आई उशिरा धावत आली, हातात शिवणाची कात्री तशीच. रखवालदाराने अडवलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "ही माझी मुलगी आहे हो!" रखवालदार हसला आणि त्याने कात्री ठेवून घेऊन तिला आत सोडलं.

शेवटच्या सेटआधी सर एकटेच बाहेर आले. कपाळावर घाम. माझ्यासमोर उभे राहिले, आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "झालं गं. मंजूर. तीन विरुद्ध दोन. एक वर्ष करून बघू म्हणाले. नियम अकरा रद्द, आणि सगळ्या खेळांना, तासांप्रमाणे." मग नाक ओढून म्हणाले, "आत्ता सांगत नाही तिला. हा सेट तिला पैशांच्या विचारात नाही खेळू द्यायचा. एवढं तरी माझं ऐक." आणि गेले!

अहो, माझी काय अवस्था झाली असेल! आत ती आपला शेवटचा सामना समजून खेळतेय, आणि ते खोटं आहे हे ठाऊक असणारी मी. तोंड माझं आ वासलेलं, आणि त्यातून अक्षर फुटत नाही! धप्प! तेरा-तेरा. मी एवढी थरथरले की टेकू करकरला. चौदा-तेरा, त्यांचे. मग एक लांबलचक शांतता, चेंडू एकदा लाकडावर आपटल्याचा आवाज, आणि जल्लोष. पण चुकीच्या बाजूचा.

हरलो आपण. दोन गुणांनी.

लोक बाहेर पडले. मला "जिंकायचं ना?" म्हणणारे आजोबा न बघताच गेले. मानधनाची बातमी तोवर फुटली होती. एक जण ओरडलाच, "पैसे मिळणार म्हणे आता! मग जिंका की!" सर म्हणाले होते तसंच झालं, आणि तेही पहिला पैसा हातात पडायच्या आत!

मग ती आली. पुढच्या दाराने! आईचा हात धरून, डोळे लाल, बुटाचा तळ आता पुरताच लोंबकळलेला. सरांनी तिला माझ्यासमोरच गाठलं आणि सांगितलं.

"पण सर, आपण हरलो."

"हरलं म्हणून सरावाचे तास कमी होतात का?" सर खेकसले, आणि दुसरीकडे तोंड करून त्यांनी चष्मा पुसला.

मग तिचं तोंड उघडलं. हात वर गेला. अशी आरोळी फुटली म्हणून सांगू! चिमणीने तिच्या कमरेला मिठी मारली, आई एका डोळ्याने रडत दुसऱ्याने हसत होती. आणि मला वाटलं, माझ्या तोंडात इतके दिवस अडकलेला आवाज एकदाचा सुटला.

"काय गं, या फोटोत तू असं ओरडत तरी काय होतीस?" आईने डोळे पुसत विचारलं.

"फोटोवाला कोर्टात घुसला होता, आई. म्हटलं, अरे, सरक की!"

आता मी जिराफच्या घरी असते, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये. सर म्हणाले, चेहरा तुझा आहे, घेऊन जा. तिची आई माझ्या गळ्यात शिवणाची टेप अडकवते आणि उगारलेल्या हातावर इस्त्रीचे कपडे टांगते. एका कोपराला चिकटपट्टी लागलीय, रंगही उडत चाललाय. जिराफ सकाळी दुकानात जाते, दुपारी सरावाला. मानधन काही फार नाही, वर्षाने मंडळ काय ठरवेल तेही ठाऊक नाही. ती धाकधूक मला आहेच, स्वभावाला औषध नाही. पण परवा तिने नवे बूट आणले, आपल्या पैशांनी, मालकांच्याच दुकानातून, आणि पहिल्यांदा घालून माझ्यासमोर उभी राहिली. "कसे आहेत?" म्हणाली. मलाच!

तर मंडळी, कुठे माझ्यासारखी पुठ्ठ्याची मुलगी दिसली तर खुशाल फोटो काढा, टाचा उचला, मी कुणाला सांगणार नाही. फक्त जाताजाता मागच्या दाराकडेही एकदा बघा. तिथून कुणीतरी पिशवी घेऊन आत येत असेल. तोंड मिटलेलं असेल, म्हणून ओळखू येणार नाही. तरी ओळखा. आणि तिच्या बुटांकडे बघा.

बरं, येते आता. म्हणजे, येते कसली? मी इथेच. दारावर थाप पडली वाटतं... आई गं!