डॉक्टर बाकावर येऊन बसले

मित्रांनो, ताम्हिणीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या सरकारी दवाखान्यात कधी आलात, तर मी तुम्हाला लगेच दिसणार नाही. आत शिरल्यावर आधी स्टीलच्या खुर्च्या लागतात. त्या ओलांडून ओसरीच्या टोकाला या. तिथं डॉक्टरांच्या खोलीजवळ, भिंतीला टेकून असलेला लाकडी बाक म्हणजे मी.

पौडच्या शंभू सुतारांनी मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. वीस-बावीस वर्षं मी इथला एकुलता एक बाक होतो. तापानं फणफणलेली पोरं माझ्यावर निजली. लसीकरणाच्या दिवशी बायकांनी माझ्यावर बसून साऱ्या गावाच्या गप्पा मारल्या. दर दिवाळीला मला हिरवा रंग मिळायचा. मग खुर्च्या आल्या, मला कोपऱ्यात सरकवलं गेलं आणि रंगही थांबला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण गावातल्या गंगूबाईंनी मला सोडलं नाही. “त्या खुर्च्या लई गार लागत्यात,” असं म्हणून त्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या की माझ्यावरच बसायच्या.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर साबीर मुलाणी इथं रुजू झाले. ते मूळचे इंदापूरचे, वय जेमतेम एकोणतीस. दारात येऊन ते प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. “या गंगूबाई. मीठ कमी केलंय की आज पण थापा?” सगळी ओसरी हसायची.

दवाखान्यात डॉक्टरांच्या जागा दोन होत्या. दुसरे डॉक्टर बदलून गेले आणि त्यांच्या जागी वर्षभर कुणी आलं नाही. सकाळी ऐंशी-नव्वद रुग्ण, मधेच बाळंतपण, साप चावलेला माणूस, रविवारी धबधब्यावर घसरून पडलेले पर्यटक आणि त्यातून वेळ उरला तर संगणकात माहिती भरायची. सगळं एकट्या मुलाणी डॉक्टरांवर आलं. हळूहळू नावानं हाका मारणं थांबलं. आतून नुसतंच “पुढचा” एवढं ऐकू यायचं. नम्रता सिस्टर दोनदा म्हणाल्या, “सर, चार दिवस घरी जाऊन या.” डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं, “मी गेलो तर इथं कोण बघणार?”

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. औषधाच्या खिडकीतून नम्रता सिस्टर चिठ्ठी घेऊन आत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, मुलगी तीन वर्षांची आहे. हा डोस मोठ्या माणसाचा लिहिलाय.”

डॉक्टरांनी चिठ्ठी दुरुस्त केली. मग ते उठून बाहेर आले आणि माझ्यावर, गंगूबाईंच्या शेजारी बसले. दोन्ही हातांनी त्यांनी माझी कड घट्ट धरली होती.

“डॉक्टर, बरं न्हाई का?” गंगूबाईंनी विचारलं.

“बरंय. जरा बसतो.”

“बसा की. आमी कुटं पळतोय?”

डॉक्टर म्हणाले, “आत्ता माझ्या हातून एका लेकराला काहीतरी झालं असतं. सिस्टरनं बघितलं म्हणून वाचलो. सकाळी उठलं की वाटतं, आज दार उघडूच नये. झोप लागत नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो.”

गंगूबाई त्यांच्याकडे वळल्या. “घरी कवा गेला होता?”

“चार महिने झाले.”

“माझ्या लेकाला कावीळ झाली तवा तुमी त्याला म्हैनाभर शेतावर जाऊ दिलं न्हाई. मी भांडले तर मलाच दटावलं. मग आता सोताला दटावा की.”

नम्रता सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, पुण्यात मनाच्या आजारांच्या एक चांगल्या डॉक्टर आहेत. मी फोन करते.”

“लोक काय म्हणतील?” डॉक्टर पुटपुटले.

“काय म्हणत्यात?” गंगूबाई म्हणाल्या. “डॉक्टरला ताप येत न्हाई व्हय?”

त्या दिवशी पहिल्यांदाच डॉक्टर ओसरीवर सगळ्यांदेखत रडले. कुणी हसलं नाही. रांगेतले साधे सर्दी-पडशाचे लोक आपणहून उठून घरी गेले. सिस्टरनी तालुक्याला फोन लावला, तो लागेपर्यंत लावला. दुसऱ्या दिवशी बदली डॉक्टर आले आणि मुलाणी डॉक्टर इंदापूरला गेले.

सहा आठवडे मी वाट बघत होतो. ते परत येणार नाहीत, असंच मला वाटायचं. पण ते आले. चेहरा भरला होता. गावानं ग्रामसभेत अर्ज करून, तालुक्याला खेटे घालून दुसरी जागाही भरून घेतली होती. त्या जागेवर आलेल्या डॉक्टर जान्हवी आता आठवड्यातले तीन दिवस रुग्ण बघतात. रविवारी अडल्यानडल्याशिवाय डॉक्टरांच्या घराचं दार वाजवायचं नाही, असंही ठरलं. गावातले साहेबराव साधा ढेकर आला तरी दार वाजवायचे, त्यांना हे पचायला वेळ लागला.

महिन्यातून दोन गुरुवारी मुलाणी डॉक्टर पुण्याला जातात. कुठं, हे ते लपवत नाहीत. “गुरुवारी मी नाही. मलाही डॉक्टरकडे जायचंय,” असं सरळ सांगतात.

परवा साहेबराव माझ्यावर बसून होते. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघून विचारलं, “त्या तुमच्या मनाच्या डॉक्टर हायेत ना, माझ्या धाकट्या भावाला बघतील का? वरीस झालं, बोलतच न्हाई कुणाशी.”

डॉक्टर आत गेले नाहीत. साहेबरावांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “सांगा, कसं सुरू झालं?”

मित्रांनो, मला आता रंग नाही मिळाला तरी चालेल. तुम्ही मात्र एवढं करा. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना, सिस्टरना विचारा, “तुम्ही कसे आहात?” आणि विचारल्यावर लगेच निघू नका. त्यांचं उत्तर ऐकायला थांबा.