गेटवेच्या खालून रिक्षा

अनंतराव देशपांडे मुंबईला जाणार, ही बातमी चिकलठाण्याच्या त्या कॉलनीत कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक झाली होती. आता कुणी म्हणेल, संभाजीनगरहून मुंबईला जाण्यात एवढं काय? रोज ढिगानं माणसं जातात. जातात हो, पण अनंतरावांसारखी सांगून जात नाहीत. झेडपीतून रिटायर झाल्यापासून ह्या माणसाकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळं मुंबई हाती लागल्यावर त्यांनी ती महिनाभर पुरवून वापरली. "क्रॉफर्ड मार्केट करायचं, फॅशन स्ट्रीट करायची, राणीचा बाग करायचा," असं म्हणायचे. जणू ती सगळी कामं ह्यांच्यावाचून अडून पडली होती.

त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, ह्यातलं काहीच करायचं नव्हतं. त्यांना समुद्र बघायचा होता. साठी उलटली तरी बाईंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला, तेव्हा तेव्हा अनंतराव त्यांना जायकवाडीला घेऊन गेले. धरणावर उभं करायचं आणि म्हणायचं, "बघ, पाणीच पाणी. ह्याच्यात मीठ टाकलं की झाला समुद्र." बाई मान डोलवायच्या. पण पलीकडं कुठंतरी काठ दिसायचाच, आणि त्यांचं मन खट्टू व्हायचं.

शेजारची निशा म्हणाली होती, "काका, तिकिटं मी काढून देते मोबाईलवर." झालं! काकांचा पारा चढला. "का? मला बोटं नाहीत?" म्हणून त्यांनी आपल्या बोटांनी तिकिटं काढली. निघायच्या दिवशी कॉलनीनं नारळ दिला, निशानं व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला, कुणी पर्स सांगितली, कुणी चपला, कुणी सिद्धिविनायकाचा प्रसाद. आणि स्टेशनवर डब्यात बूड टेकतंय न टेकतंय तोच टीसी आला. तिकीट बघून हसला.

"काका, गाडी बरोबर, डबा बरोबर, सीटपण बरोबर. महिना चुकलाय. हे वीस मेचं आहे."

एप्रिल चालू होता. दोघं खाली उतरली. अनसूयाबाई म्हणाल्या, "जनरलनं जाऊ की हो. मी उभी राहीन." पण अनंतरावांना डब्याची काळजीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढं निशाचं स्टेटस होतं. "कोणत्या तोंडानं घरी जायचं आता?" एवढंच ते बोलत राहिले. गाडी निघून गेली. बाईंनी तिच्याकडं शेवटच्या डब्यापर्यंत पाहिलं.

मग जी बुद्धी सुचली ती ह्याच माणसाला सुचू शकते. ऑफिसातले जुने सोबती मोहियोद्दीनभाई गावातच, शहागंजात राहायचे. त्यांच्या दारात बॅगा घेऊन उभे! सगळं ऐकून मोहियोद्दीनभाई पोट धरधरून हसले. "क्या मियाँ! समंदर देखने निकले, शहागंज में उतर गए?" त्यांची बायको राहतभाभी मात्र हसली नाही. तिनं अनसूयाबाईंचा चेहरा पाहिला आणि आत नेऊन चहा दिला.

चार दिवस मुंबई शहागंजात झाली. एप्रिलच्या उन्हात अनंतराव कानटोपी घालून बाहेर पडायचे, कुणी ओळखू नये म्हणून. त्यामुळं अख्खं शहागंज वळून वळून बघायचं. पर्स गुलमंडीतून घेतली, चपला शहागंजातून घेतल्या. पेढे घेतले आणि इथल्याच संस्थान गणपतीसमोर धरले. अनसूयाबाई कळवळल्या. "अहो, देवाला तरी सोडा ह्यातून!" तर म्हणाले, "गणपती तोच आहे ना? मग झालं तर."

कॉलनीत परतल्यावर तर विचारू नका. निशा पर्स खांद्याला लावून आरशासमोरून हलेना. "बघा काकू, ह्याला म्हणतात फिनिशिंग! आपल्या गुलमंडीत असला माल सात जन्मात मिळायचा नाही." पेढे खाऊन कुणी म्हणालं, सिद्धिविनायकाची चवच वेगळी. फोटो कुठंयत म्हटलं, की अनंतराव छाती काढायचे, "आम्ही डोळ्यांनी बघितलं. मोबाईलनं बघणारी माणसं वेगळी."

अनसूयाबाई हे सगळं गिळून बसल्या, कारण त्यांच्या मनात वीस मे होती. तिकिटं अजून जिवंत होती की! एकदा दुपारी त्यांनी हळूच विषय काढला. "परत कशाला?" अनंतराव दचकले. "जाऊन आलोय ना आपण!"

"कुठं जाऊन आलोय?"

"लोकांच्या लेखी आलोय ना? लगेच महिनाभरात परत निघालो तर विचारणार नाहीत? रविवारचा कार्यक्रम होऊ दे, संध्याकाळी कॅन्सल करून टाकतो."

बाई ताडकन उठल्या. ह्या माणसाला आपला समुद्र परत करायचाय, आणि तोही खोट्याची शान राखायला! त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी आपटत राहिल्या.

रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. कॉलनीनंच आग्रह केला होता, काकांनी मुंबई सांगावी म्हणून. अनंतराव रंगात आले. मरीन ड्राइव्ह झाला, हाजी अली झाला, मग गेटवे आला.

"गेटवेची काय मजा सांगू," ते म्हणाले. "आम्ही रिक्षा केली. दरवाज्याच्या खाली शिरलो आणि समोरून टेम्पो! तो मागं घेईना, आमचा घेईना. मधोमध अडकलो. मागं ही रांग. शेवटी एक म्हातारा उतरला, त्यानं हात करून करून टेम्पो काढला, तेव्हा आम्ही पार झालो."

आता गंमत बघा. एक माणूस हसला नाही. ज्यांचा जन्म संभाजीनगरच्या मकाई गेटखाली टेम्पोशी भांडण्यात गेला, त्यांना दरवाजा म्हणजे हेच ठाऊक. सगळ्यांनी च्च् च्च् केलं. "दरवाजा म्हटलं की जाम आलाच," कुणी म्हणालं. "मुंबई झाली म्हणून काय झालं!"

फक्त सर्जेराव खुर्चीत सरसावून बसले. ते मुंबईला गोदीत नोकरी करून आलेले. "देशपांडेसाहेब," ते म्हणाले, "तिकडं रिक्षा येत नाय. टॅक्सी असती. बरं, येऊ द्या तुमची रिक्षा. दरवाजा पार केल्यावर पलीकडं काय लागलं?"

"पलीकडं? पलीकडं म्हणजे... बाजार लागला. गर्दी लई." अनंतरावांनी घाम पुसला आणि बायकोकडं पाहिलं. "सांग की गं तू!"

अनसूयाबाईंनी नवऱ्याला आजवर शंभरदा सावरलं होतं. आताही जिभेवर आलंच होतं काहीतरी. पण संध्याकाळ व्हायला आली होती, आणि तिकिटं रद्द करायचा मोबाईल ह्यांच्या खिशात होता.

"पलीकडं समुद्र आहे," त्या म्हणाल्या. "दरवाजा संपला की समुद्रच. रिक्षा घातली असती तर बुडाली असती. मला पक्कं माहीत आहे, कारण मी तो बघितलेला नाही. बघायचा म्हणून चित्रं बघून बघून पाठ केलाय."

 मग बाईंनी सगळं सांगितलं. टीसी, शहागंज, कानटोपी, पेढेसुद्धा. "आमची तिकिटं वीस तारखेची आहेत, आणि ती मी रद्द करू देणार नाही!" म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

निशानं पर्स हळूच पाठीमागं घेतली. "काकू," ती कुजबुजली, "हे माझ्या ऑफिसात कुणाला सांगू नका."

सर्जेराव उठले. "मग जा की दोघंबी! आम्ही येतो सोडायला. चुकी तर चुकी, त्यात काय?"

अजूनही वेळ होता. एकदा हसून 'चुकलो' म्हटलं असतं, तर संपलं असतं. पण अनंतराव लालबुंद झाले होते. "मी जाऊन आलोय," ते म्हणाले. "एकदा सांगितलं ना? जाऊन आलोय!" आणि जिना उतरून गेले.

वीस तारखेला बाईंच्या शेजारची सीट रिकामीच राहिली असती. पण बाईंचा फोन जाताच राहतभाभीनं आपलं वेगळं तिकीट काढलं, टीसीशी दोन गोड शब्द बोलली आणि तिथं येऊन बसली. अनंतराव स्टेशनवर आले नाहीत.

संध्याकाळी अनसूयाबाई गेटवेपाशी पोचल्या. दरवाज्याच्या खालून चालत गेल्या, कठड्याला दोन्ही हात टेकले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मनासारखं रडून झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"पोचलीस?" अनंतरावांनी विचारलं. "जायकवाडीसारखंच आहे ना?"

"नाही हो. पलीकडं काठच नाही." बाईंनी नाक ओढलं. "तुम्ही यायला पाहिजे होतं."

 पलीकडून बारीक, घोगरा आवाज आला. "मी जाऊन आलोय ना गं," अनंतराव म्हणाले. "सांग ना, कसा आहे?"