यशदीपसाठी गप्प

मी कलावती. तुमसरची. जल्मभर तोंड चालवलं, कोणाच्या बापाले भ्याली नाही. पण रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या मॅडमनं माहं तोंड एका झटक्यात बंद केलं.

माहा नातू यशदीप. तीन वर्षांचा झाला तरी "मम" न "आ"च्या पुढे जाये ना. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, माह्या पोराले, सुशीलले, तिथं सरकारी नोकरी लागली, न पुढं लेकरू सांभाळाले मी आली. सून भावना इथलीच. मराठी सारी समजते, उत्तर मात्र हिंदीत. तीबी नोकरीवर. दिवसभर घरात मी न यश, दोघंच.

त्या मॅडम शंकर नगरातल्या दवाखान्यात लेकरायले बोलणं शिकवत. आम्ही यशले तिकडे नेलं. त्यायनं कान तपासल्याचा कागद पाहिला. कान चांगले. मग इचारलं, "घर में कौनसी भाषा चलती है?"

"हम लोग हिंदी, मम्मीजी मराठी," भावना म्हणाली.

"तभी तो! बच्चा कन्फ्यूज हो रहा है. एक ही भाषा रखिए, सिर्फ हिंदी."

झालं! सारं खापर माह्यावर. मी म्हटलं, "अवो मॅडम, आमच्याकडचे पोट्टे घरी पोवारी बोलतात, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. कोणी मुकं नाही राहिलं!"

सुशीलनं डोळे वटारले. "आई, मॅडमपेक्षा तुले जास्त कळते काय?"

आता माही हिंदी म्हणजे भाजीवालीपुरती. "इधर आव", "पानी पी", संपली. त्यात लेकराशी काय कपाळ बोलू? घरात मराठी निसटली का भावना म्हणे, "मम्मीजी, हिंदी." सुशील तं खेकसेच, "आई, काहून त्याचं नुकसान करून राहिली?" यश समोरच बसून राहे. एकदा त्यायच्याकडे पाहे, एकदा माह्याकडे.

शेवटी मी बोलणंच सोडलं. पटलं म्हणून नाही, भेव वाटलं म्हणून. माह्या बोलण्यानं लेकरू मुकं राहिलं तं? त्यापरीस मीच मुकी बरी. तो पदर ओढे, बोट दाखवे, मी चुपचाप वस्तू हातात देऊ. टीव्ही हिंदीत बोलत राहे. माहा जीव तिळतिळ तुटे. वरीस गेलं. पोट्ट्याचं होतं ते "मम"बी गेलं.

मग त्या मॅडम बदलून गेल्या, त्यायच्या जागी सोनिया मॅडम आल्या. त्यायनं सारं ऐकलं न इचारलं, "दिनभर इससे बात कौन करता है?"

भावनानं सुशीलकडे पाहिलं, सुशीलनं माह्याकडे.

"दो भाषा से कोई बच्चा चुप नहीं होता," त्या म्हणाल्या. "दादीजी, आप अपनी मराठी में बोलिए. 'बोल, बोल' करके पीछे मत पड़िए. जो काम करें, उसी की बात करते जाइए. फिर रुकिए, उसको मौका दीजिए."

"जी," भावना कशीबशी म्हणाली. सुशील मान खाली घालून बसला होता. मले एवढा राग आला का त्याले तिथंच झोडपावं वाटलं. पण झोडपून वरीस थोडीच वापस येते?

घरी आलो. मी पायबी धुतले नाही, वाटाण्याच्या शेंगा घेऊन यशच्या समोर बसली.

"हे पाय माह्या बाप्पा, शेंग! आजी शेंग फोडून राहिली. फट्! निघाले वाटाणे. हिरवे हिरवे, गोल गोल..." अवो माय, किती दिवसानं तोंड सुटलं माहं! मग थांबली, मॅडमनं सांगतलं तशी.

यशचे डोळे मोठे झाले. वाटलं, आता हसते.

तो झटकन उठला न आपला हात माह्या तोंडावर घट्ट दाबला. घाबरून मायबापाकडे पाहाले लागला, आता माह्यावर कोण खेकसते म्हणून.

"बोलने दे बेटा," भावना रडाले लागली. "दादी को बोलने दे."

तो हात काढे ना.