डाव्या पायाची थोरली

मी डाव्या पायाची बोलतेय. हो, एकट्या डाव्याच पायाची. उजव्या पायाची समुद्रापार आहे. तिचंही सांगेन, पण गोष्ट बुंध्यापासून ऐकावी, उगाच शेंड्याला लोंबकळू नये.

मी स्की. पूर्व नॉर्वेतल्या आमच्या दरीत वर्षाचे सहा महिने बर्फ. पायी निघालेला माणूस मांड्यांपर्यंत रुतायचा, म्हणून पायांखाली आम्ही.

ज्या पाइनची मी लेक, ते झाड वाकडं होतं. उताराच्या कडेला उभं, दरीकडे झुकलेलं, पाणी प्यायला मान घातलेल्या गाईसारखं. घराच्या वाशाला असलं झाड कोणी घेत नाही. लाकूडतोडे येत, बघत आणि पुढे जात. एक एंब्रेट तेवढा थांबला. त्यानं बुंध्याच्या खालच्या अंगावर, दरीच्या बाजूला, कुऱ्हाडीची मूठ ठोकली, कान लावला आणि गालातल्या गालात हसला.

एंब्रेट आमच्या गावचा स्की करणारा. तो म्हणायचा, "सरळ झाडाला काय ठाऊक भार म्हणजे काय? झुकलेल्या झाडाच्या पोटाकडे सगळा भार येतो. शंभर वर्षं सोसून ते लाकूड तांबूस होतं, राळेनं भरतं, हाडासारखं घट्ट होतं. बर्फावर पळायचं तर सोसलेलंच लाकूड हवं."

ऐन थंडीत, झाडाचा रस झोपलेला असताना त्यानं मला पाडलं. करवत लावली नाही, पाचरी ठोकून चिरलं, म्हणजे धागा तुटत नाही. दोन वर्षं मी माळ्यावर वाळत पडले. मग कुऱ्हाड, मग रंधा, मग सुरी. तीन मीटर लांब झाले मी, पुढून होडीच्या नाकासारखी वर वळलेली. पाऊल ठेवायच्या जागी एंब्रेटनं तीन पानांची डहाळी कोरली. तिसरं पान कोरताना त्याची बायको माली हिनं जेवायला हाक मारली, सुरी निसटली आणि ते पान अर्धंच राहिलं. बायकोची हाक आणि नवऱ्याचा हात, दोन्ही घाईचे.

माझी धाकटी माझ्या झाडाची नव्हे. ती बर्चची. आमच्या दरीत तेव्हा दोन्ही पायांना सारख्या स्की नसायच्या. डाव्या पायाला लांब, गुळगुळीत, पळणारी. उजव्या पायाला आखूड, आणि तिच्या तळाला एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या दांडग्या सांबराच्या, पायाचं कातडं, केस मागे वळलेले. चढावर ते केस बर्फात रुतून धरून ठेवायचे. ती ढकलायची, मी धावायची. ती धरायची, मी थांबायची. तिच्यावरची तीन पानं मात्र तिन्ही पुरी होती. चूक थोरलीच्या वाट्याला आली, रीतच आहे.

दर शरदात आम्हाला डांबर पाजायचे. पाइनची मुळं भाजून काढलेलं ते काळं, दाट डांबर तळाला फासायचं आणि वरून तापलेलं लोखंड फिरवायचं. लाकूड गटागटा पितं. पोट भरेपर्यंत प्यायलं की सगळा हिवाळा ओल शिरत नाही. आठ दिवस घरभर तोच वास.

"चर्चमध्ये माझ्या शालीला तुझ्या डांबराचा वास येतो!" माली ओरडायची.

"येऊ दे की," एंब्रेट म्हणायचा. "कोणाच्या घरची आली ते देवाला विचारावं लागत नाही."

एका फेब्रुवारीत रानात ओंडका घसरला आणि एंब्रेट त्याच्याखाली गेला. मागे माली, मुलगा टोरगाल, मुलगी सिनोवे आणि आम्ही दोघी. पोरं दोन, जोडी एक. मग काय, रोजची भांडणं.

"आज माझी पाळी."

"काल तू दूध पोचवायच्या नावाखाली निम्मा दिवस हुंदडलीस ते?"

"दूध पोचलं ना? तू गेलास की अर्धं सांडतोस!"

"तुझे पाय बगळ्याचे, तुला स्की कशाला हवी? अशीच चाल!"

एकदा दोघं मिळून निघाले. टोरगाल पुढे, सिनोवे मागे माझ्या शेपटावर डावा पाय ठेवून, त्याचा पट्टा घट्ट धरून, उजवा पाय हवेत. उतार संपेपर्यंत दोघं किंचाळत होती आणि कुंपणाशी दोघांची तोंडं बर्फात. वर येऊन एकमेकांना म्हणाली, "तुझ्यामुळे!" तो दिवस मी अजून तळाशी धरून आहे. असं ओझं मला पुन्हा मिळालं नाही.

शेत दगडांचं. बटाटे एका कुटुंबाला पुरतील एवढेच. दरीतली निम्मी तरणी पोरं अमेरिकेला गेली होती. टोरगाल बाविसाचा झाला तेव्हा त्यानंही पेटी बांधली. अंगणात अजून कडक बर्फ होता. सिनोवेनं आम्हा दोघींना त्याच्यासमोर आणून टेकवलं.

"दोन्ही ने. बाबांच्या हातच्या आहेत."

"थोरलीला बोटीवर कोण घेणार? तीन मीटरची बाई, हिला झोपवू कुठे?"

"मग दोन्ही ठेव."

टोरगालनं धाकटीला उचललं आणि पेटीच्या अंगाला दोरीनं आवळलं. "ही नेतो. म्हणजे परत यावंच लागेल. एका पायावर माणूस किती लांब जाणार?"

सिनोवेनं नाक पुसलं आणि त्याच्या दंडावर गुद्दा हाणला. "पाच हिवाळे. त्याच्या वर एकही नाही. आलास की दोघींना जोडू आणि वरच्या तळ्यापर्यंत जाऊ. शेडमधली हिच्या शेजारची खुंटी तोवर रिकामी ठेवते."

त्याला नेणारी स्लेज, आमची बर्फावरची घसरगाडी, वळणावर दिसेनाशी झाली. धाकटीचं टोक सगळ्यात शेवटी दिसलं. आम्ही लाकडं, आम्हाला हात हलवता येत नाही.

पाच हिवाळे गेले. पत्र आलं, अजून दोन हिवाळे. मग अजून थोडे. मग त्याचं लग्न, मग लेक आल्मा, मग पत्रं नाताळपुरती. आमच्याकडे माली गेली, सिनोवेचं लग्न झालं. नवरा हाल्स्टाइन, लाकडं वाहणारा, मनाचा चांगला, पण नव्या गोष्टींचा भारी सोस. तो आपल्याबरोबर अ‍ॅश लाकडाची जोडी घेऊन आला. दोन्ही पायांच्या सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. आता सगळा देश अशाच घालतो म्हणे.

"सिनोवे, तुझी ती एकटी लांबडी कशाला अडकवून ठेवलीस? चांगलं राळेचं लाकूड आहे, दोन आठवडे चूल पेटेल."

"आधी माझा पाय घाल चुलीत," सिनोवे म्हणाली. "मग तिला हात लाव."

"बरं, मग उजव्या पायाची एक करून देतो तिला. संध्याकाळभराचं काम."

"तिला आहे उजवी. लांब गेलीय एवढंच."

हाल्स्टाइन डोकं खाजवत निघून गेला. पुढे जन्मात त्यानं विषय काढला नाही, उलट भिंतीवर गर्दी झाली तेव्हा माझ्या शेजारच्या खुंटीला स्वतःची टोपीसुद्धा लावली नाही.

गर्दी मात्र होत गेली. अ‍ॅशनंतर हिकरीची जोडी आली. ते लाकूडच अमेरिकेचं, बोटीनं फळ्या येत आणि इकडे स्की घडत. दगडासारखी कठीण, जड, जराशी गर्विष्ठ. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "माझी धाकटी दिसली का गं तिकडे? आखूड आहे, केसाळ तळाची." ती म्हणाली, "बाई, तो देश केवढा, रानं केवढी!" आणि तोंड फिरवलं. मग पापुद्रे चिकटवून केलेल्या आल्या, वर एक लाकूड, खाली दुसरं, पोटात तिसरं. कोणाची लेक म्हणून विचारावं तर त्यांनाच ठाऊक नाही. मग कडांना पोलादी पट्ट्या ठोकलेल्या आल्या, उन्हात चकाकणाऱ्या. सगळ्या हिवाळाभर बाहेर पळत, संध्याकाळी बर्फ ठिबकत परत येत आणि मला बातम्या सांगत. मी कुठेच जात नव्हते. तरी दर शरदात सिनोवे मला खाली काढायची, गुडघ्यांवर आडवी घ्यायची. "ये गं, तहान लागली असेल." डांबर फासायची, लोखंड फिरवायची. अर्ध्या पानावर तिचं बोट थांबायचं.

धाकटी गेल्याला सत्तावन्न हिवाळे झाले, तेव्हा टोरगाल वारल्याची तार आली. सिनोवे तेव्हा शहात्तर वर्षांची. त्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि रिकामी खुंटी धरून उभी राहिली.

वसंतात स्टेशनवरून एक लांबच लांब खोकं आलं. वर आल्माचं पत्र. सिनोवेनं ते शेडमध्ये उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. माझ्यासाठीच असणार.

"आत्या, माझी भाषा मोडकी आहे, राग मानू नका. बाबा जाताना म्हणाले, घरच्या स्कीला घरी पाठव. त्यांच्याकडे दोन होत्या. एक लांब, सुंदर. दुसरी आखूड, तुटून राहिलेली असावी, खाली कुठलंसं कातडं मारलेलं. तसली मोडकी वस्तू तुम्हाला पाठवणं बरं दिसेना. म्हणून चांगली पाठवते आहे."

सिनोवे मटकन ओंडक्यावर बसली. "मोडकी म्हणे! अगं पोरी, अगं माझ्या शहाण्या पोरी!" ती हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे हलायचे थांबेनात आणि मग ते हसू राहिलं नाही. तिचा लेक आर्वे धावत आला.

"आई, काय झालं?"

"उघड ते. बघू तरी, कोण आलंय."

खोक्यातून निघाली एक लांब स्की. हिकरीची. आर्वेनं ती माझ्या शेजारी उभी केली आणि सिनोवेनं आम्हा दोघींवरून हात फिरवला. लांबी तीच, बोटभराचाही फरक नाही. नाकाचं वळण तेच. तळातली खाच तीच. पाऊल ठेवायच्या जागी तीन पानांची डहाळी.

तिसरं पान अर्धं.

त्याच्याजवळ माप नव्हतं, चित्र नव्हतं. नुसत्या आठवणीवर टोरगालनं परक्या लाकडातून मला कोरलं होतं, बापाच्या निसटलेल्या सुरीसकट. आणि तिचा तळ झिजलेला होता. म्हणजे तो चालला होता. डाव्या पायाला ही, उजव्याला धाकटी.

खरं सांगू? मला आधी मत्सर वाटला. माझी धाकटी सत्तावन्न हिवाळे दुसरीला ढकलत होती. मग त्या परकीनं हळूच सांगितलं, "तो मला रोज तुझ्याच नावानं हाक मारायचा. थोरले, चल म्हणायचा."

आर्वे खूश. "झाली ना जोडी, आई? लाव तिला शेजारच्या खुंटीवर."

"दोन डाव्या पायांची जोडी कशी होईल रे? पहिल्याच पावलाला तोंडावर आपटशील." सिनोवेनं त्या पाहुणीला समोरच्या भिंतीवर मानानं टांगलं आणि आल्माला पत्र लिहायला बसली. शेडमध्येच, ओंडक्यावर कागद ठेवून, एकेक शब्द बोलत.

"पोरी, ती मोडकी नाही. ती उजव्या पायाची आहे, एवढीच असते. कातडं सुकू देऊ नकोस, लाकडाला डांबर पाज. आणि पाठवू नकोस. खोक्यात घालून तर मुळीच नको. तू घेऊन ये. तुझ्या बाबांनी वरच्या तळ्यापर्यंत जायचं कबूल केलं होतं. ते तुझ्यावर आहे."

येते म्हणाली होती आल्मा. पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या. सिनोवे वाट बघत होती, मीही. चार हिवाळ्यांनी सिनोवे गेली. तिच्यामागे पत्रं कोणी लिहिली नाहीत.

आता आर्वेची लेक योरुन आहे. तिच्या स्की फायबरच्या, लाल-पिवळ्या, पिसासारख्या हलक्या. त्यांना डांबर लागत नाही, वास नाही, तहान नाही. वाऱ्यासारख्या पळतात, आणि पळोत बापड्या. परवा योरुन म्हणत होती, डोंगरावरच्या झोपडीच्या दारावर या दोन लांब जुन्या फुलीसारख्या ठोकू, छान दिसतील.

दिसतीलही, पोरी. पण फुलीत अडकलेली स्की पायात कशी जाणार? मला इथेच राहू दे. यंदाच्या शरदात जमलं तर एकदा डांबर पाज, फार सुकलेय मी.

आणि तुम्ही, जे कोणी ऐकताय, तुम्हाला समुद्रापारच्या कुठल्या माळ्यावर एक आखूड, केसाळ तळाची स्की दिसली, तर मोडकी समजून जाळू नका. उलटी करून बघा. पाऊल ठेवायच्या जागी तीन पानं असतील, तिन्ही पुरी. ज्याच्या घरी असेल त्याला एवढंच सांगा: खुंटी अजून रिकामी आहे.