न दिसणाऱ्याला जागा

त्या उन्हाळ्यात उमाशंकरनं अकरा लग्नांचं शूटिंग केलं होतं. बारावं लग्न सोडून त्यानं सोमेश सरांचा लघुपट घेतला, तो एवढ्याचसाठी की त्यात डीजे नव्हता. लोहाऱ्यात त्याचा फोटो स्टुडिओ. वय पंचेचाळीस, पण कॅमेरा धरून धरून उजवा खांदा साठीच्या माणसासारखा उतरलेला. सोमेश सर अणदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. गोष्ट त्यांनीच लिहिली होती. एक शेतकरी एका सकाळी दिसेनासा होतो. घरात वावरतो, जेवतो, पण कुणाला दिसत नाही. तो आहे हे फक्त बायकोला कळतं.

बायकोच्या कामासाठी सरांनी गावातल्याच मल्लम्माला विचारलं होतं. चाळिशीची बाई, शेवयाचं मशीन चालवणारी. बचत गटाच्या एका पथनाट्यात तिनं काम केलं होतं, तेवढीच काय ती अभिनयाशी ओळख.

पहिला दिवस पार वाया गेला. उमाशंकरचा लाइटवाला बलभीम तंगुसाच्या बारीक नायलॉन दोरीनं पितळी तांब्या हवेत ओढायचा, आणि तांब्या विहिरीतल्या बादलीसारखा गरागरा फिरायचा. जमिनीवर पीठ पसरून पावलं उमटवून पाहिली, तर पंख्यानं पीठ उडालं. पंखा बंद केला, तर सगळे घामानं निथळले. शेवटी सरांनी पिशवीतून हिरवं कापड काढलं. बलभीमला डोक्यापासून पायापर्यंत त्यात गुंडाळलं. म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर हिरवा माणूस पुसता येईल आणि त्याच्या हातातलं ताट तेवढं राहील. अर्ध्या तासात बलभीमला भोवळ आली. त्याला ओट्यावर निजवून तोंडावर पाणी मारावं लागलं.

"दचका, वहिनी," सर मल्लम्माला सांगत होते. "डोळे मोठे करा. समोर कुणीच नाही आणि ताट हललं, असं बघा."

ती सांगितलं तसं दचकायची. डोळे मोठे करायची. मध्येच हायवेवरचा ट्रक हॉर्न वाजवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी लॅपटॉपवर सगळं बघून झालं तेव्हा सरांनी लॅपटॉप मिटला.

"भुताटकीची मालिका वाटते," ते म्हणाले.

उमाशंकर कॅमेरा पिशवीत भरत होता. त्याला फक्त आडवं व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले तरी मल्लम्मा आली नाही. फोन उचलेना. सर वैतागले. दोघं तिच्या घरी चालत गेले, उमाशंकरच्या खांद्याला कॅमेरा होताच. दार उघडं होतं. हाक मारणार तोच सर थांबले.

आत मल्लम्माचे सासरे, शांतलिंगप्पा, जेवायला बसले होते. त्यांच्या शेजारी आणखी एक पाट होता, त्यावर कुणी नव्हतं. मल्लम्मानं दोन ताटं वाढली. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. एक ताट म्हाताऱ्यापुढं ठेवलं. दुसरं घेऊन ती वाकली, क्षणभर थांबली, समोरचं माणूस नीट टेकेपर्यंत थांबावं तशी. मग म्हणाली, "अत्ती, थोडं हिकडं सरका. मामांचा हात लागतोय."

अत्ती म्हणजे सासू. ती तीन वर्षांपूर्वी वारली, हे सरांना ठाऊक होतं. ते तिच्या मातीला गेले होते.

म्हाताऱ्यानं शेजारी पाहिलं. मान डोलावली आणि भाकरी मोडली.

"कॅमेरा काढा," सर कुजबुजले.

उमाशंकरचा हात लेन्सच्या झाकणावर गेला. पण झाकण त्यानं काढलं नाही. "न्हाय, सर," तो म्हणाला. "हे न्हाय."

आवाजानं मल्लम्मा वळली. दोघांना पाहून तिनं पदर सारखा केला. ती ओशाळली नाही. तेवढं त्राणच तिच्यात उरलं नव्हतं.

"आलेच असते की, सर. मामा जेवल्याबिगर निघता येत न्हाय. आज लई वेळ रुसून बसले होते."

ती ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसली. सरांनी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागली. "अत्ती गेल्या त्याच साली मामांचं ध्यान सुटलं. 'ती कुठं हाय?' म्हणून विचारायचे. म्या खरं सांगायची. मग रडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. त्यांना आठवायचंच न्हाय, रोज नव्यानं रडायचे आणि जेवायचे न्हाईत. वरीसभर म्या रोज त्या माणसाला बायको मेल्याचं सांगितलं. मग सोडलं सांगायचं."

"तुम्हाला दिसतात का त्या?" सरांनी हळूच विचारलं.

"मला कशा दिसतील? मामा कुठं बघत्यात तेवढं म्या बघते. ते दाराकडं बघायला लागले की समजायचं, आल्या. मग वाट द्यायची." तिनं डोळे चोळले. "आमचे मालक हैदराबादेला गाडीवर डायवर. घरात माणसं दोन आणि म्या करते तिघांचं."

सर ओसरीच्या पायरीवर टेकले. मग म्हणाले, "वहिनी, काल मी तुम्हाला दचकायला सांगत होतो."

"व्हय. पण दचकंल कशाला ती? नवराच हाय की तिचा."

मामांना शेजारच्या गिरिजाबाईंकडं सोपवून ती शूटिंगला आली. सरांनी तंगूस गुंडाळून ठेवायला लावलं. हिरवं कापड बलभीमनं स्वतःच पिशवीत कोंबलं.

"माणूस उंच हाय का बुटका?" मल्लम्मानं विचारलं.

सरांनी हा विचारच केला नव्हता. "माझ्याएवढा धरा."

"रानातून दमून आलाय ना?"

"हो."

"मग बसायला वेळ लागंल त्याला."

कॅमेरा सुरू झाला. मल्लम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं दाराकडं पाहिलं, पुरुषभर उंचीवर. मग मान पुन्हा परातीकडं. पसरलेला पाय तिनं आत ओढून घेतला, कुणी जवळून जावं तसा. थोड्या वेळानं नजर वर गेली आणि हळूहळू खाली आली. मध्ये एकदा थांबली, गुडघ्यावर हात ठेवून माणूस थांबतो तेवढं, आणि मग पाटावर येऊन स्थिरावली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. "लई ऊन होतं का?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकल्यासारखी भाकरी उलटली.

तांब्या जागचा हलला नाही. काहीच हललं नाही. पण उमाशंकरच्या लक्षात आलं की आपण कॅमेरा डावीकडं वळवलाय. रिकामा पाट त्यानं चौकटीत घेतला होता आणि पाटाच्या वर बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी जागा सोडली होती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं नवऱ्या मुलांना आणि वरबापांना चौकटीत बसवणारा त्याचा हात आपणहून वळला होता.

"कट," सर म्हणाले. शेवटी ट्रकचा हॉर्न आला होता, पण पुन्हा करू असं कुणी म्हणालं नाही.

लघुपट एका स्पर्धेला गेला आणि तिथून तसाच परत आला. एका परीक्षकानं फोन करून विचारलं, पाटावरचा माणूस कुठल्या सॉफ्टवेअरनं पुसला? सरांनी खरं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

शाळेच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मल्लम्माला येता आलं नाही. म्हणून जूनमध्ये एका दुपारी उमाशंकर लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेला. लाइट गेलेली होती, शेवयाचं मशीन बंद. ती हात पुसत येऊन भिंतीला टेकून बसली. शेजारी शांतलिंगप्पा बसले.

दुसऱ्याच मिनिटाला तिची मान कलली. तिचा प्रसंग यायला अजून वेळ होता. उमाशंकरनं तिला उठवलं नाही, नुसता आवाज कमी केला. म्हातारा मात्र शेवटपर्यंत बघत होता.

"चांगला माणूस हाय," तो पडद्याकडं बोट करून म्हणाला. "मुकाट जेवतोय."

"व्हय, आप्पा," उमाशंकर म्हणाला.

त्याला पाचला नळदुर्गला साखरपुड्याचं काम होतं. बाहेर जाऊन त्यानं बलभीमला फोन केला, तू पुढं हो म्हणाला. तेवढ्यात एक बाई डोक्यावर रव्याचा डबा घेऊन आली. उमाशंकरनं ओठांवर बोट ठेवलं, डबा तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला आणि आवाज न करता मशीनपाशी ठेवला. मग तो आत जाऊन म्हाताऱ्याजवळ बसला. मल्लम्मा तोंड उघडं टाकून झोपली होती.