खेचरांचा जिना

इटलीतल्या ऑर्व्हिएतोच्या जुन्या विहिरीत उतरण्याआधी गाइड ओर्नेला पर्यटकांना एक आकडा सांगायची: एकशे चौऱ्याहत्तर फूट. लोक डोकावून ‘बापरे’ म्हणत आणि तिला आपल्या गावाचा अभिमान वाटे.

त्या दिवशी बालवाडी बंद होती. आपल्या चार वर्षांच्या मुलाला, तात्सिओला, तिने दारावर तिकिटं बघणाऱ्या उल्देरिकोंच्या हवाली केलं होतं. माझ्या नजरेतून माशी सुटत नाही, तू जा पोरी, असं ते म्हणाले होते. तरी तिचा जीव वरच घुटमळत होता.

विहिरीभोवती दोन जिने गोल फिरत खाली जातात. एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं. पाणी वाहणारी खेचरं एकमेकांना आडवी येऊ नयेत म्हणून. मधल्या पोकळीत दोन्हींच्या खिडक्या उघडतात. जिने भेटतात ते थेट तळाशी, पाण्यावरच्या पुलावर.

पंधराव्या खिडकीशी ती बोलता बोलता थांबली. समोरच्या खिडकीत लाल टोपी होती. बाहेर पडायच्या दारातून तात्सिओ आत शिरला होता आणि खिडकीच्या दगडावर पोट टेकून खाली वाकला होता.

हाक मारावी, तर हात हलवायला तो आणखी झुकेल. वर धावावं, तर तेवढा वेळ तो एकटाच.

घरी त्याला आंघोळ घालताना ती पर्यटकांना सांगायच्या माहितीची उजळणी करायची; त्यालाही ती पाठ झाली होती. तेच शब्द तिने नेहमीच्या सुरात, जरा मोठ्याने उच्चारले.

“इथली खेचरं फार शहाणी. खिडकीत डोकावायची नाहीत. खांदा भिंतीला लावायचा...”

“...आणि थेट पुलावर!” समोरून बारीक आवाज आला. टोपी आत गेली.

ती भराभर उतरू लागली. प्रत्येक खिडकीतून समोर बघायची. टोपी कधी दिसे, कधी नाही.

“अगं, दमानं,” फेराराहून आलेली म्हातारी सिन्योरा मागून म्हणाली. “आमचे गुडघे काही खेचराचे नाहीत.”

सगळे हसले. तेवढ्यात खाली पाण्यात डुबकन् आवाज झाला.

ओर्नेलाने भिंत धरली. कुणीतरी नाणं टाकलं असेल, असं सिन्योरा म्हणत होती. पुढच्या तीन खिडक्यांत टोपी नव्हती.

ती पुलावर पोचली. पाणी शांत, काळं. त्यात बघायचा तिला धीर होईना. समोरच्या जिन्याच्या तोंडातही अंधारच. ती तिकडे कान देऊन उभी राहिली.

मग पावलं वाजली. खांदा भिंतीला घासत, बाही धुळीने माखलेला तात्सिओ बाहेर आला.

“मम्मा, खेचर दमलं.”

तिने त्याला पाठंगुळीला घेतलं आणि भिंतीच्या कडेकडेने चढू लागली. अर्ध्यावर कुणीतरी विचारलं, विहीर किती फूट म्हणालात?

“खोल आहे,” ती म्हणाली आणि त्याचे पाय आणखी घट्ट धरले.