चेंबर नंबर एकचं दार

छाया नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. एप्रिलमधला रविवार म्हणून ती पिंपळगावला भावाकडे, ज्ञानेशकडे, आली होती. ताटं वाढली आणि तेवढ्यात ज्ञानेशच्या कोल्ड स्टोरेजवरून गोरक्षचा फोन आला. गोरक्ष तिथली मशीन सांभाळायचा. वीज देणारी डीपी, म्हणजे रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. जनरेटर तर परवापासून खोलून पडलेला, त्याचा पार्ट मुंबईहून यायचा होता.

बहीणभाऊ जेवण तसंच टाकून निघाले. बाहेर चाळीसच्या वर ऊन होतं. चेंबर नंबर एकमध्ये आसपासच्या गावांतल्या बागायतदारांची चाळीस टन द्राक्षं शून्य अंशावर ठेवलेली होती. वायरमन डीपीकडे एकदा बघून म्हणाला, "नवी येईल तेव्हा येईल. उद्या सकाळ धरून चाला."

ज्ञानेश ऑफिसातल्या खुर्चीत मटकन बसला. "संपलं छाये. उद्यापर्यंत सगळा रस होतो."

"थांब जरा," छाया म्हणाली. तिने पेटीचा एक पुठ्ठा ओढून घेतला आणि त्यावर मांडायला लागली. भिंतींना चार इंच थर्माकोल. बाहेर चाळीस, आत शून्य. भिंती आणि छत मिळून इतकं क्षेत्रफळ. द्राक्षं म्हणजे बहुतेक पाणीच, तापायला भरपूर उष्णता लागणार. पंधरा वर्षं ती हेच गणित फळ्यावर सोडवत होती, पण त्याच्या उत्तरावर कुणाचं काही अवलंबून आहे असं आज पहिल्यांदाच घडत होतं. तिने ते दोनदा तपासलं.

"दादा, एक अंश वाढायला दहा तास लागतील. उद्या दुपारीसुद्धा आत दोन-अडीचच्या वर जाणार नाही. द्राक्षांना काहीही होत नाही. फक्त दार उघडायचं नाही. एकदाही नाही."

ज्ञानेशच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने गोरक्षला दाराला कुलूप घालायला सांगितलं आणि चहा मागवला.

चहा येईपर्यंत बातमी गावात पोचली होती. एकेक मोटरसायकल आवारात येऊ लागली. दीड वाजता पंचवीस-तीस माणसं दारासमोर उभी होती. त्यांत बहिरूनाना होते, वडिलांचे जुने सोबती. खुडणीला बाया असूनही नानांनी आपला एकेक घड स्वतः कात्रीने साफ करून पेटीत ठेवला होता.

"दार उघड ज्ञाना. माल बघू दे."

"नाना, बंद राहिलं तरच माल टिकेल. छायाने हिशोब केलाय."

छायाने पुठ्ठा पुढे केला. नानांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. "पोरी, तुझं बरोबर असंल. पण मशीन बंद हाय ना? मंग आत गार कसं राहील?"

"गार आत तयार होत नाही, नाना. मशीन फक्त आतली उष्णता बाहेर काढते. आता बाहेरची आत शिरायला रस्ताच नाही, दार लावलेलं असेपर्यंत."

"कोंडून ठेवलं की कुजतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "हे आपल्याला उद्यापर्यंत गप बसवाया सांगत्यात." आवाज चढले. कुणी कुलूप हलवून पाहिलं.

ज्ञानेश तिच्याकडे वळला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "नुसतं नानांना दाखवू. दोन मिनिटं."

"दादा, नको."

"रोज याच माणसांत राहायचंय मला, छाया. तू संध्याकाळच्या गाडीने जाशील."

गोरक्षने कुलूप काढलं.

नानांच्या मागोमाग सगळेच आत घुसले. आतली थंड हवा पायांशी वाहत बाहेर आली आणि वरून गरम वारा आत गेला. छायाला तो गालावर कळला. ती ओरडून सांगत होती, दार ओढा, निदान अर्धं तरी ओढा. पण दारात माणसं उभी होती आणि पेट्या फुटत होत्या. पाचेक मिनिटांत मण्यांवर बारीक थेंब धरले.

"पाणी सुटलं! माल सुटला!"

"ते द्राक्षांतलं पाणी नाही," छाया जवळच्या माणसाचा हात धरून म्हणाली. "गरम हवेतली वाफ गार मण्यांवर बसतेय. दार उघडं आहे म्हणून बसतेय. बाहेर नेलं तर जास्त बसेल." त्याने हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, घाईने, आणि पेटी खांद्यावर मारली.

टेम्पो लागले. ओल्या पेट्या तशाच उन्हात चढल्या. कुणी नाशिकच्या मार्केटला निघालं, कुणी दुसऱ्या कोल्ड स्टोरेजला. तिथेही जागा नसल्याचं गोरक्ष फोन करून सांगत होता, पण त्याचंही कुणी ऐकलं नाही. दार दोन तास उघडं होतं. छाया आधी दारात, मग आवारात, मग ऑफिसच्या पायरीवर उभी राहिली. शेवटी ती खाली बसली.

नवी डीपी वायरमनच्या अंदाजाआधीच मिळाली आणि वीज त्याच दिवशी सहाला आली. मशीन सुरू झाली तेव्हा चेंबरमध्ये चौथा हिस्सा माल उरला होता, तोही ओला. आतला काटा अकरावर होता.

साडेसातच्या सुमारास नानांचा टेम्पो परत आला. मार्केटमध्ये रविवारचं कुणी नव्हतं, दुसरीकडे जागा मिळाली नव्हती. ताडपत्रीखाली पेट्या दुपारपासून उन्हात फिरल्या होत्या. नानांनी एक पेटी छायापुढे उघडली. देठ तपकिरी पडले होते, मणी मऊ लागत होते.

"मशीन चालू झाली म्हणं," नाना म्हणाले. "आता पुन्हा शून्यावर नेलं, तर होत्याल ना पहिल्यासारखे?"

उष्णता परत काढता येईल, ज्ञानेशची मशीन सकाळपर्यंत ती काढेलही. पण मऊ पडलेले मणी आणि वाळलेले देठ काही पहिल्यासारखे होणार नव्हते. हे तिला स्वच्छ माहीत होतं. दुपारी तिचा हिशोब परत देणारे नाना आता स्वतःहून तिला विचारत होते, आणि या वेळी तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार होते.

"आत लावू या, नाना," ती म्हणाली, आणि पेटीची दुसरी बाजू धरली.